कोल्हापुरात शिवून घेतलेलं प्लँक्टनचं जाळं : कुणी घ्यावं, कुणी घेऊ नये

आधी निकाल सांगून टाकते. प्रयोगशाळेचं साहित्य पुरवणाऱ्या दुकानातून मागवलेल्या तयार प्लँक्टन-जाळ्याला (प्लँक्टन म्हणजे पाण्यात तरंगत राहणारे बारीक जीव) पाचपैकी दीड. मंगळवार पेठेत मांडवाची कापडं आणि ताडपत्र्या शिवणाऱ्या मामांकडून करून घेतलेल्या जाळ्याला चार. एक का कापला ते पुढे येईलच.

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. समुद्र आमच्यापासून एक घाट खाली. गगनबावड्यावरून करूळ घाट उतरायचा, वैभववाडी, तळेरे आणि मग देवगड. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना तिकडे नेतो. मुलांना खेकडा माहीत असतो, कोळंबी माहीत असते, बांगडा तर लक्ष्मीपुरीच्या बाजारात आठवड्याला भेटतो. पण या सगळ्यांचं बालपण पाण्यात तरंगत जातं, आणि त्या वयात ते सगळे काही मिलिमीटरचे किंवा त्याहून लहान असतात, हे पुस्तकातल्या आकृतीवरून कुणाला पटत नाही. ते पाण्यातून गाळून भिंगाखाली ठेवावं लागतं. म्हणून जाळं हवं.

तयार जाळ्याची गोष्ट थोडक्यात उरकते, कारण त्यात फार काही नाही. ४,२०० रुपये. तोंडाचा व्यास ३० सेंटीमीटर, लांबी ६० सेंटीमीटर, खाली एक प्लॅस्टिकची बाटली, आणि पाकिटावर लिहिलेलं ‘२०० मायक्रॉन’, म्हणजे कापडाच्या भोकाचा आकार; एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कडं लोखंडी, वर काळा रंग. खाऱ्या पाण्यातून आल्यावर आठवड्याच्या आत रंगाखालून गंज फुटला आणि कापडावर तांबडे ओघळ आले. तेही चाललं असतं. पण मी कापडाचा कोपरा सूक्ष्मदर्शकाखाली घातला. आमच्याकडे स्टेज मायक्रोमीटर आहे, म्हणजे एका मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेली काचपट्टी, एक भाग १० मायक्रॉनचा. त्यावर मोजलं तर एक भोक १५० चं, शेजारचं २६०, त्याच्या पलीकडचं ३०० च्या घरात. धागा पिळाचा, म्हणजे अनेक तंतू एकत्र वळलेला, त्यामुळे भोकात केस आल्यागत कुसं आलेली. दुकानदाराला फोन केला तर म्हणाले, ‘मॅडम, सगळी कॉलेजं हेच नेतात, कुणाची तक्रार नाही.’ कुणी मोजलंच नसेल तर तक्रार कुठून येणार?

इथे थांबून भोकाबद्दल सांगायला हवं, कारण प्लँक्टनच्या जाळ्यात विकत घ्यायची खरी वस्तू भोक हीच आहे. भोक किती मोठं यावर तुमच्या नमुन्यात कोण राहणार आणि कोण निसटणार ते ठरतं. १९५९ ते १९६५ या काळात हिंदी महासागराची मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम झाली. तिच्यासाठी ठरवलेलं जाळं ३३० मायक्रॉनचं होतं, तोंड एक चौरस मीटरचं. त्या मोहिमेच्या पाठोपाठ १ जानेवारी १९६६ ला आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, जिचं मुख्यालय गोव्यात दोना पावलाला आहे. १९६८ साली युनेस्कोच्या तज्ज्ञगटानं प्राणिप्लँक्टनसाठी २०० मायक्रॉनचं जाळं सुचवलं. आता ३३० च्या जाळ्यातून ऑइथोनासारखे बारके कोपेपॉड (कोळंबी-खेकड्यांच्या गोतावळ्यातले सूक्ष्म जीव) सरळ निघून जातात. २०० च्या जाळ्यातूनही त्यातले बरेच जातात. म्हणजे दोन जाळ्यांचे आकडे शेजारी मांडून ‘प्लँक्टन वाढलं’ किंवा ‘घटलं’ म्हणणं हा निव्वळ फसवा हिशोब. आणि जाळ्याचं भोकच जर १५० ते ३०० असं हेलकावत असेल, तर आपण नक्की काय मोजलं हे आपल्यालाच ठाऊक नसतं.

जुन्या माणसांना ‘बोल्टिंग सिल्क’ हे नाव आठवत असेल. आमच्या स्टोअरच्या रजिस्टरमध्येही ‘बोल्टिंग सिल्क पंचवीस नंबर’ अशी नोंद आहे. हे मुळात पिठाच्या गिरण्यांत मैदा चाळायचं रेशमी कापड, स्वित्झर्लंडमध्ये विणलेलं. समुद्रशास्त्रवाल्यांनी ते उचललं, कारण एवढी सारखी भोकं दुसऱ्या कुठल्याच कापडात नव्हती. पंचवीस नंबर म्हणजे ६४ मायक्रॉन. पुढे रेशीम गेलं, नायलॉन आणि पॉलिएस्टर आलं, पण यादीत नाव तेच राहिलं.

मांडववाल्या मामांना मी पहिल्यांदा कापड दाखवलं तेव्हा ते बोटांत चुरगाळून म्हणाले, ‘मॅडम, हे जाळं हाय का चाळण? आन् एवढं बारीक काय चाळायचं?’ म्हटलं, मामा, तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत.

कापड कुठून आणलं ते सांगते, कारण बाकी सगळं त्यावर आहे. लग्नपत्रिका छापणाऱ्यांना स्क्रीन प्रिंटिंगसाठी जे कापड लागतं तेच हे. पॉलिएस्टरचं, एकसंध तंतूचं. छपाई साहित्याच्या दुकानात रोल उभे असतात आणि काउंटरवरचा मुलगा ‘सत्त्याहत्तर टी देऊ का शंभर टी?’ असं विचारतो. हा आकडा म्हणजे एका सेंटीमीटरात किती धागे. आपल्याला हवं ते बत्तीस टी. हिशोब सोपा आहे. एका सेंटीमीटरात १०,००० मायक्रॉन, भागिले ३२, म्हणजे एका धाग्याला नि एका भोकाला मिळून ३१२. त्यातून धाग्याची जाडी १०० वजा केली की भोक २१२ चं. घरी आणून मोजलं तर बहुतेक भोकं २०५ ते २१५ मध्ये बसली. पत्रिकेवरचा गणपती नीट उमटावा म्हणून ज्यानं हे कापड विणलं त्यानं नकळत आमची मोठी सोय केली. धाग्याची जाडी मात्र दुकानात विचारून घ्या, कारण त्याच बत्तीस टीमध्ये जाड-बारीक धाग्याची कापडं येतात आणि भोक बदलतं. शिवाय भोक चौकोनी असतं, त्याचा कर्ण ३०० मायक्रॉन भरतो, तेव्हा एखादा लांबट जीव तिरका होऊन निसटला तर कापडाला दोष देऊ नका.

कडं उद्यमनगरात करून घेतलं. आठ एमएमची एसएसची, म्हणजे स्टेनलेस स्टीलची सळई, ३० सेंटीमीटर व्यासाला वाकवून जोडलेली, तीन बाजूंना दोरी ओवायला छोट्या कड्या. ज्यांच्या शेडमध्ये ऑइल इंजिनाचे भाग पडलेत त्यांना हे काम म्हणजे चहा येईपर्यंतचा वेळ. मिस्त्रींनी वेल्डिंग घासून इतकं गुळगुळीत दिलं की कापड कुठे अडकत नाही. फक्त ‘एसएस’ म्हटल्यावर ३०४ ग्रेडचं मिळतं. समुद्रासाठी ३१६ चांगलं, पण एका कड्यासाठी ते कोण आणून देणार? ३०४ वर बारीक ठिपके येतात. दर वेळी गोड्या पाण्यात धुतलं की काम भागतं.

आता शिलाई. पैसे इथे वसूल झाले आणि पहिल्या फेरीत घोळही इथेच झाला. मामांनी नेहमीची सोळा नंबरची सुई लावली. ताडपत्रीला ती योग्यच आहे. पण सोळा नंबरची सुई एक मिलिमीटर जाड. म्हणजे २१२ मायक्रॉनचं भोक राखायचं म्हणून एवढी यातायात करायची आणि शिवणीवर हजार मायक्रॉनच्या भोकांची रांग पाडायची! मी मामांना हे सांगितलं तर ते हसले नाहीत, वाद घातला नाही, गल्ल्यातून ब्लाउज शिवायची नऊ नंबरची सुई काढली आणि म्हणाले, ‘ही पॉइंट पासष्ट. चालंल?’ सुईचा नंबर मिलिमीटरमध्ये तोंडपाठ असलेला माणूस मला आमच्या विभागातही सापडला नसता. मग दोन्ही कडा आत दुमडून दोनदा टीप मारली, वरून सुती निवारीची पट्टी बसवली आणि आतल्या बाजूनं शिवणीवर फॅब्रिक ग्लूचा पातळ हात फिरवला. आता शिवणीतून निसटलं तर फारच थोडं निसटत असेल.

लांबीबद्दल मी अडून बसले होते, आणि तुम्हीही बसा. जाळं पाण्यातून ओढलं की पाणी तोंडातून आत येतं आणि भोकांतून बाहेर पडतं. भोकांचं एकूण क्षेत्रफळ तोंडाच्या निदान तिप्पट हवं, पाचपटीच्या आसपास गेलं तर उत्तम. नाहीतर आतलं पाणी तुंबतं, तोंडापाशी उलटा दाब येतो आणि पुढचं पाणी जाळ्याला वळसा घालून निघून जातं. म्हणजे तुम्ही ओढत राहता, आणि जाळं नुसतंच फिरून येतं. बत्तीस टीच्या कापडात उघडी जागा सुमारे ४६ टक्के. तयार जाळं ६० सेंटीमीटर लांबीचं, म्हणजे त्याला सारखं कापड लावलं असतं तरी गुणोत्तर जेमतेम दोन. आमचं १२० सेंटीमीटर केलं, गुणोत्तर साडेचारच्या आसपास आलं. मामांनी कापडाच्या दोन कळ्या काढल्या, एकीचं रुंद टोक दुसरीच्या अरुंद टोकाला लावून, त्यामुळे दीड मीटर कापडात सगळं बसलं आणि चिंधी जवळपास उरली नाही. परकराच्या कळ्या काढणाऱ्या हाताला हे गणित शिकवावं लागत नाही.

खालची बादली ६३ एमएमच्या पीव्हीसी पाइपची. पंधरा सेंटीमीटरचा तुकडा, खाली टोपण, दोन बाजूंना खिडक्या कापून त्यावर तेच कापड. जाळ्याला होज क्लिपनं आवळलेली. ही मी केली आणि मोठ्या तोंडानं सांगते, फार बरी झाली आहे. फक्त खिडकीचं कापड पाइपच्या सोल्युशननं चिकटवू नका, पॉलिएस्टर त्याला धरत नाही. एपॉक्सी लावा आणि रात्रभर ठेवा.

खर्च: कापड ७२० रुपये, कडं ५००, शिलाई ६००, बादलीचं सामान ३३०, दोरी १५०. एकूण २,३००.

पहिली चाचणी रंकाळ्यावर, संध्यामठाच्या बाजूला. रंकाळ्याचं पाणी उन्हाळ्यात कसं हिरवं होतं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. जाळ्यात मायक्रोसिस्टिस या हिरव्या सूक्ष्मजीवाच्या गाठी आल्या, सायक्लॉप्स हे गोड्या पाण्यातले कोपेपॉड आले, त्यांतल्या माद्यांच्या शेपटाशी अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबत होत्या, डॅफ्निया, म्हणजे पाणपिसवा आल्या. दोन मिनिटांत कापड चिकट झालं आणि पाणी उतरेना. याचा अर्थ जाळं वाईट असा नव्हे. इतक्या दाट हिरव्या पाण्यात कुठलंही बारीक जाळं बुजतंच. पण रंकाळ्यासाठी हे जाळं घ्यायचं असेल तर ओढायचं अंतर कमी ठेवा, नाहीतर सरळ साध्या बादलीनं मोजून जाळ्यात पाणी ओता. रोटिफर, म्हणजे याहून बारीक चक्रधारी जीव हवे असतील तर २०० चा नाद सोडा, ते निसटतात.

खरी परीक्षा देवगडला. इथे एक सूचना आधी: मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालापासून आहे, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, आणि त्याच्या हद्दीत परवानगीशिवाय नमुने घ्यायचे नाहीत, मग ते डोळ्यांना न दिसणारे का असेनात. शैक्षणिक सहल आहे म्हणून चालतं, असं समजणारे पुष्कळ पाहिलेत.

होडीतून ओढण्याचा अनुभव: वेग माणसाच्या सावकाश चालण्याएवढा. होडी चालवणाऱ्या तांडेलांना हे पटवणं कठीण. इंजिन इतकं हळू ठेवायचं म्हणजे त्यांना ते बंद पडल्यासारखं वाटतं. जाळ्याकडे बघून त्यांनी विचारलंच, ‘बाई, ह्यात काय गावतला?’ मग बादली काचेच्या बशीत ओतली, हातातलं भिंग दिलं. बराच वेळ बघून म्हणाले, ‘ह्या कुर्लीचा प्वार?’ होय, खेकड्याचंच. झोइया.

झोइयाबद्दल जरा बोलू द्या, कारण याच्यासाठीच जाळं आहे. डोक्यावर एक लांब काटा, पुढे चोचीसारखा दुसरा, मधे दोन अवाढव्य डोळे, मागे बारीक शेपूट. खेकड्याचं कुठलंच लक्षण नाही. म्हणून तर फार काळ लोकांना झोइया हा वेगळाच प्राणी वाटायचा आणि त्याला तसं नावही मिळालं होतं. आयर्लंडमध्ये कॉर्कला राहणारा जॉन व्हॉन थॉम्पसन नावाचा लष्करी डॉक्टर बारीक जाळं ओढायचा आणि मिळालेले जीव बरणीत पाळायचा. झोइया हा खेकड्याचाच बच्चा आहे हे त्यानं १८२८ मध्ये छापलं. १८३० मध्ये बार्नॅकलचाही उलगडा केला. खडकांना चिकटलेली ती पांढरी टोकदार कवचं तोवर शंखशिंपल्यांच्या वर्गात बसवली जायची. त्यांची पिल्लं पाण्यात पोहतात आणि ती सरळ कोळंबी-खेकड्यांच्या घराण्यातली आहेत हे जाळ्यामुळे कळलं. डार्विननंही बीगल जहाजावरून १८३२ च्या जानेवारीत असंच जाळं सोडलं होतं, चार फूट खोल पिशवी, झेंडे शिवायच्या कापडाची. मामांना हे सांगितलं तेव्हा मशीनवर भगव्या पताकाच चालू होत्या. म्हणाले, ‘मग आमीच शिवलं असतं की त्येला.’

बार्नॅकलचा नॉप्लियस, म्हणजे अंड्यातून निघालेलं पिल्लू, ओळखायला सोपा: ढालीसारखं तिकोनी अंग आणि पुढच्या दोन कोपऱ्यांना शिंगं. सहा वेळा कात टाकून त्याचा सायप्रिस होतो. सायप्रिस काही खात नाही. साठवलेल्या चरबीवर फिरत राहतो, पृष्ठभाग चाचपतो, जागा पसंत पडली की डोक्याच्या बाजूनं स्वतःला चिकटवून घेतो आणि मग आयुष्यभर हलत नाही. सुरुवातीचे नॉप्लियस २०० मायक्रॉनच्या आसपासचे, त्यामुळे आमच्या जाळ्यात पहिल्या अवस्था कमी आणि पुढच्या जास्त मिळतात. हा जाळ्याचा पक्षपात आहे, तो वहीत लिहून ठेवा. शिंपल्यांचे वेलिजर, म्हणजे त्यांची पिल्लंही असेच, मोठे तेवढे सापडतात.

होडी परवडत नसेल किंवा पोरांना उलट्या होत असतील (आमच्यातली निम्मी घाटातच गार पडलेली असतात) तर एक सोपी रीत आहे, आणि मला तीच जास्त आवडते. खाडीच्या धक्क्याला जाळं बांधायचं आणि पाण्याच्या ओढीलाच काम करू द्यायचं. ओहोटीला तोंड खाडीकडे, भरतीला तोंड समुद्राकडे. खाडीत, खारफुटीत राहणारे अनेक खेकडे पिल्लं सोडतात ती रात्री, भरती संपून पाणी उतरायच्या सुमारास. उतरत्या पाण्याबरोबर झोइया बाहेर समुद्रात जातात, खाडीच्या बदलत्या खारेपणातून आणि खाणाऱ्या माशांतून सुटतात. बाहेर कात टाकत वाढतात, मग मेगालोपा होतात, चिमटे फुटलेले आणि शेपूट अजून बाहेर असलेले. हे मेगालोपा भरतीच्या पाण्यात वर येतात आणि ओहोटीला तळाशी बसून राहतात, आणि असं टप्प्याटप्प्यानं परत खाडीत शिरतात. स्वतःच्या बळावर ते अंतर त्यांना कापता आलं नसतं. भरती कुठली आणि ओहोटी कुठली एवढं कळतं, त्यावर भागतं. मुलांनी दोन बशा शेजारी ठेवून मोजलं: रात्रीच्या ओहोटीच्या बशीत झोइयांची गर्दी, पहाटेच्या भरतीच्या बशीत त्या तुरळक पण मेगालोपा दिसायला लागलेले. मला एवढं लेक्चर देऊन जे सांगता आलं नसतं ते धक्क्याला बांधलेल्या दोरीनं सांगितलं. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या पुढेमागे गेलात तर पाण्याला ओढ चांगली असते. गाठ मात्र पक्की मारा आणि कुणीतरी जागं राहा.

खारफुटी वाचवा, कांदळवन लावा हे फलक आपण सगळेच वाचतो. त्या चिखलातून रात्री काय बाहेर सुटतं ते बशीत पाहिल्यावर खाडीत भराव टाकणं म्हणजे नक्की काय बुजवणं, हे वेगळं सांगावं लागत नाही. शिवाय याच पिल्लांवर आणि कोपेपॉडांवर बांगड्यासारखे मासे जगतात. तारली तर डायटमवरही, म्हणजे काचेसारखं कवच असलेल्या सूक्ष्म शेवाळांवर. तारली आणि फ्रॅजिलेरिया ओशनिका हा डायटम यांचा संबंध नायर आणि सुब्रह्मण्यन यांनी १९५५ साली नोंदवला होता. बाजारात तारली स्वस्त का महाग याचं एक कारण २१२ मायक्रॉनच्याही खालचं असतं.

हिवाळ्यात एक अडचण येते: नॉक्टिल्युका हा एकपेशीय जीव. लाटा निळ्या चमकतात म्हणून ज्याचे व्हिडिओ फिरतात तो हाच. रात्री जाळं वर काढलं की कापडच चमकतं, मुलं किंचाळतात. पण सकाळी बादलीत बघाल तर नुसता भिजवलेल्या साबुदाण्याचा लगदा, त्यात बाकीचं काही शोधणं अशक्य. अरबी समुद्रात याचा हिरवा प्रकार असतो, ज्याच्या पोटात सूक्ष्म हिरवी शेवाळं राहतात आणि त्याला अन्न करून देतात. २००० नंतर त्याचे हिवाळी बहर अरबी समुद्रात वाढल्याचं संशोधकांनी नोंदवलं आहे आणि पाण्यातल्या कमी ऑक्सिजनशी त्याचा संबंध लावला आहे. तेव्हा चमक बघून आनंद माना, पण फार आनंदही मानू नका.

आता तो कापलेला एक गुण. पहिलं म्हणजे कापड कड्यालाच शिवलेलं आहे, काढता येत नाही. फाटलं की सगळं उसवायचं. किंतानाची गळपट्टी लावून तिला छिद्रं पाडून दोरीनं कडं बांधायला हवं होतं. दुसरं, मामांनी आतल्या टिपेला पॉलिएस्टरचा दोरा वापरला पण निवारपट्टीला सुती. सुती दोरा खाऱ्या पाण्यात कुजतो, पट्टी आताच एका बाजूनं सुटायला लागली आहे. तिसरं जाळ्याचं नाही, जाळ्याच्या मर्यादेचं. ३० सेंटीमीटर तोंडाचं जाळं ५० मीटर ओढलं तर कागदावर साडेतीन घनमीटर पाणी गाळलं जातं, म्हणजे ३,५०० लिटर. पण प्रवाह, होडीचा तिरकेपणा, बुजलेलं कापड हे धरता प्रत्यक्षात किती गेलं ते तोंडात फ्लोमीटर, म्हणजे वाहतं पाणी मोजायचं यंत्र बसवल्याशिवाय कळत नाही, आणि फ्लोमीटरची किंमत या सगळ्या खर्चाच्या कितीतरी पट. पीएच.डी.चं काम करणाऱ्यानं, घनमीटरमागे एवढे जीव असा आकडा छापायचा असणाऱ्यानं हे जाळं घेऊ नये. ज्याला बघायचं, ओळखायचं, भरती-ओहोटीची तुलना करायची आहे त्यानं डोळे मिटून घ्यावं.

वापरायच्या दोन गोष्टी, ज्या तयार जाळ्याच्या पाकिटावर लिहिलेल्या नव्हत्या. जाळं वर आल्यावर पाणी नेहमी बाहेरून मारायचं, म्हणजे कापडाला चिकटलेले जीव धुऊन बादलीत उतरतात. तोंडातून पाणी ओतलंत तर तुम्ही न मोजलेलं पाणी गाळता. आणि नमुना जिवंत बघायचा असेल तर तिथेच बघा, भरपूर पाण्यात पातळ करून, सावलीत. दाट नमुना बाटलीत बंद करून घाट चढायला लागलात तर गगनबावड्याला पोचेपर्यंत वास यायला लागतो. कोल्हापूरला आणायचाच असेल तर बोरॅक्स घातलेलं फॉर्मालिन, नमुन्यात एकूण चार टक्के होईल असं, आणि वनस्पतिप्लँक्टनला ल्युगॉलचं आयोडीन. फॉर्मालिन मुलांच्या हातात देऊ नका. परत आल्यावर जीव मोजायच्या सेजविक-राफ्टर काचेवर एक मिलिलिटर घ्या, तिच्यात हजार चौकोन असतात, मोजायला बरं पडतं.

मी सत्त्याहत्तर टीचं दुसरं जाळं सांगितलं आहे, डायटमसाठी, यावेळी गळपट्टीसकट आणि सगळीकडे पॉलिएस्टर दोऱ्यानं. मामा म्हणाले, ‘अनंत चतुर्दशी हू दे मॅडम, मग या.’ गणपतीच्या आधी मांडववाल्याकडे असलं काम घेऊन जाऊच नका, तुमचं कापड ताडपत्र्यांच्या ढिगाखाली जाईल. नवरात्र लागलं की पुन्हा तेच. मधला पितृपंधरवडा गाठा, तेव्हा मशीन मोकळं असतं, आणि ऑक्टोबरात पाऊस उघडून होड्या सुटतात तोवर जाळं हातात पडतं.